वयोश्रीचा अर्ज: आधी काय, मग काय आणि गाडी नेमकी कुठे अडते

आईवडिलांसाठी काठी, वॉकर, श्रवणयंत्र किंवा कमोडची खुर्ची सरकारी मदतीतून घ्यायची म्हटलं की बहुतेक जण थेट अर्जाचा नमुना शोधायला लागतात. खरं तर अर्ज हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग. पैसे अडकतात ते बँकेत. वस्तू चुकते ती दुकानात. आणि बिल वेळेत पोचलं नाही तर आलेले पैसे परत भरायची वेळ येते. म्हणून खालचा क्रम पाळा. त्यात अर्ज चौथ्या टप्प्यावर आहे, आणि तो तिथेच ठेवा.

## आधी हे डोक्यात पक्कं करा: वयोश्री दोन आहेत

नाव सारखं असल्यामुळे गोंधळ इथूनच सुरू होतो.

मुख्यमंत्री वयोश्री योजना राज्य सरकारची आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेली. यात वस्तू मिळत नाही, एकरकमी ३,००० रुपये ज्येष्ठाच्या बँक खात्यात जमा होतात आणि उपकरण आपण विकत घ्यायचं असतं. मूळ निर्णयानुसार ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत वयाची ६५ वर्षं पूर्ण झालेली हवीत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांच्या आत हवं.

राष्ट्रीय वयोश्री योजना केंद्राची, २०१७ पासूनची. यात पैसे मिळत नाहीत, वस्तूच मिळते, तीही फुकट. अलिम्को ही केंद्र सरकारची कंपनी उपकरणं बनवते आणि शिबिरातून वाटते. वय ६० च्या पुढे हवं, आणि दारिद्र्यरेषेखालचं कार्ड किंवा महिन्याला १५,००० रुपयांपर्यंतच उत्पन्न असल्याचा पुरावा हवा.

या दोन्हींतून घरी येऊन अंघोळ घालणारा, औषधं देणारा किंवा स्वयंपाक करणारा माणूस मिळत नाही. माणूस स्वतःच्या पायावर मोरीपर्यंत, संडासापर्यंत, अंगणापर्यंत जावा, त्याला ऐकू यावं, दिसावं, एवढ्यापुरतीच ही मदत आहे. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड पुन्हा वेगळं: ते रुग्णालयात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. ते दाखवून दुकानात वॉकर मिळत नाही.

## टप्पा १: गरज ठरवा, तीही घरात बसून

योजनेत काय काय बसतं ते पाहून वस्तू ठरवू नका. घरात काय अडतंय ते पाहून ठरवा. एक दिवस आजी-आजोबांच्या मागे मागे फिरा आणि बघा: खाटेवरून उठताना कशाचा आधार घेतात? उंबरठा ओलांडताना हात कुठे जातो? संडासातून उठायला किती वेळ लागतो? दार वाजलेलं ऐकू येतं का?

मुख्यमंत्री वयोश्रीच्या ३,००० रुपयांतून चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड (तीन पायांची काठी), साधी काठी, व्हीलचेअर, घडीचा वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, मानेचा पट्टा घेता येतो. राष्ट्रीय योजनेच्या यादीतही यांतल्या बऱ्याच वस्तू आहेत, शिवाय कवळीसुद्धा.

आता मापं घ्या. हे काम लोक सर्रास टाळतात आणि मग आणलेली काठी दाराआड उभी राहते.

काठी आणि वॉकर: रोज घालतात तीच चप्पल घालायला लावा. ताठ उभं करा, हात सैल खाली सोडायला सांगा. मनगटाच्या आतल्या बाजूला जी आडवी रेघ असते, तिथपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. काठीची मूठ त्या उंचीला आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकतो, खांदा वर चढत नाही. खांदा कानाकडे जायला लागला तर काठी उंच आहे. माणूस पुढे वाकायला लागला तर ती बुटकी आहे. अनवाणी माप घेतलं की काठी हमखास बुटकी पडते.

काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची, असं जवळपास प्रत्येकाला वाटतं. ती धरायची विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजवा पाय पुढे पडतो तेव्हाच काठीही पुढे टाकायची. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी.

व्हीलचेअर: मोरी, संडास आणि झोपायची खोली, या तिन्हींच्या दारांची मोकळी रुंदी मोजा. चौकटीची नको, दार पूर्ण उघडल्यावर मधे उरणाऱ्या जागेची. साधी घडीची व्हीलचेअर उघडल्यावर दोन फुटांहून थोडी रुंदच असते, आणि चाक फिरवणाऱ्या हाताला आणखी जागा लागते. जुन्या घरांत आणि चाळींत ती संडासाच्या दारातच अडकते. अशा घरात कमोड खुर्ची जास्त कामाची.

चष्मा: मोतीबिंदू असेल तर आधी शस्त्रक्रिया, मग चष्मा. शस्त्रक्रियेनंतर नंबर बदलतो. आधी घेतलेला चष्मा वाया गेलाच म्हणून समजा. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते.

श्रवणयंत्र: आधी कानात मळ साचलाय का ते तपासून घ्या. ऐकू न येण्याचं कारण कधी कधी तेवढंच असतं. मग जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात श्रवण चाचणी करून घ्या आणि तिचा कागद जपून ठेवा. ३,००० रुपयांत मिळणारं यंत्र साधं असतं. ते सगळे आवाज सरसकट मोठे करतं, त्यामुळे पंख्याचा आवाजही वाढतो आणि दोन दिवसांत आजोबा ते काढून डब्यात ठेवतात. म्हणून श्रवणयंत्र हवं असेल तर पुढचा टप्पा नीट वाचा.

> तपासा: हव्या असलेल्या वस्तूंची यादी झाली? सर्वांत निकडीची वस्तू पहिल्या क्रमांकावर आहे? मापं कागदावर लिहिली?

## टप्पा २: कुठली वस्तू कुठल्या योजनेतून, हे आधीच वाटून टाका

मुख्यमंत्री वयोश्रीची एक अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. गेल्या तीन वर्षांत तेच उपकरण कुठल्याही सरकारी स्रोतातून फुकट मिळालेलं नसावं. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि सार्वजनिक उपक्रमांनी दिलेलंही यात धरतात. सदोष किंवा बंद पडलेलं उपकरण बदलायला अपवाद होऊ शकतो, पण तो मागून घ्यावा लागतो, आपोआप मिळत नाही.

आता विचार करा. शिबिरात गेलात, रांगेत जे दिलं ते घेतलं आणि ती नेमकी काठी निघाली. आता ३,००० रुपयांतून पुन्हा काठी घेता येणार नाही. उलट महागडं श्रवणयंत्र शिबिरातून फुकट मिळू शकलं असतं, ते राहूनच गेलं.

माझ्या मते वाटणी अशी करावी: जे महाग आणि तपासून द्यावं लागतं, म्हणजे श्रवणयंत्र, व्हीलचेअर, कवळी, ते राष्ट्रीय योजनेच्या शिबिरातून मागा. जे स्वस्त आहे पण अंगाला नीट बसायला हवं आणि दुकानात घालून बघता येतं, म्हणजे गुडघ्याचा किंवा कमरेचा पट्टा, चष्मा, काठी, ते ३,००० रुपयांतून घ्या. कमोड खुर्ची दोन्हीकडे बसते, जिथे लवकर मिळेल तिथून घ्या.

शिबिर दोन वेळा असतं, हे लक्षात ठेवा. पहिलं तपासणीचं: तिथे डॉक्टर आणि तंत्रज्ञ बघून कोणती वस्तू द्यायची ते लिहितात. वाटप नंतर, वेगळ्या दिवशी. तपासणीला ज्येष्ठ व्यक्तीनेच यावं लागतं. मुलगा आधार कार्ड घेऊन गेला तर तपासणार कुणाला? पहिल्या शिबिरात मिळालेली नोंदणीची पावती वाटपाच्या दिवशी लागते. तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

शिबिराची तारीख जिल्हा प्रशासन जाहीर करतं. ग्रामपंचायत, तहसील आणि समाजकल्याण कार्यालय, तिन्हीकडे विचारत राहा. नागरी सुविधा केंद्रातही नोंदणी होते.

> सावधान: घरातल्या व्यक्तीला पक्षाघात झाला असेल किंवा बहिरेपणा जास्त असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राचाही विचार करा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व ठरलं तर वेगळ्या योजना खुल्या होतात. पण तीच वस्तू दोन ठिकाणांहून मागू नका.

## टप्पा ३: आधार आणि बँक खातं. इथे घाई करू नका

पैसे न येण्याच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा याच टप्प्यात असतं, म्हणून इथे थोडा जास्त वेळ द्या.

नाव. आधारवर 'सखुबाई पांडुरंग', पासबुकावर 'सखूबाई पांडूरंग' आणि मतदार यादीत माहेरचं नाव. तुम्हाला ती एकच बाई आहे हे दिसतं, संगणकाला दिसत नाही. तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर जुळवा. फरक असेल तर आधी बँकेतलं नाव आधारप्रमाणे करून घ्या, ते सोपं पडतं. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून तिकडे हात लावायचा तर विचार करून.

वय. जुन्या पिढीतल्या अनेकांच्या आधारवर फक्त जन्मसाल आहे, तारीख नाही. कित्येकांचं वय अंदाजाने लिहिलेलं, म्हणजे खऱ्याहून चार-पाच वर्षं कमीसुद्धा. योजनेत वय मोजतात ते कागदावरचं. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दुसरा पुरावा हाताशी असेल तरच दुरुस्तीच्या मागे लागा.

खातं. अर्जावर लिहिलेल्या खात्यातच पैसे येतील असं सगळे धरून चालतात. आधारवर आधारित थेट लाभ तसा येत नाही. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडे प्रत्येक आधार क्रमांकासमोर एकाच बँकेची नोंद असते, आणि शेवटी जिथे जोडणी झाली ती बँक तिथे दिसते. पैसे त्या बँकेत जातात. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी गावात येऊन जनधन खातं उघडून दिलं, त्याचं पासबुकही सापडत नाही, पण आधार तिथेच जोडलेलं. मग पैसे तिकडे जातात, आणि घरचे इकडे दर आठवड्याला जिल्हा बँकेत पासबुक भरून आणतात.

बँकेत 'आधार लिंक आहे' असं सांगितलं म्हणजे ही नोंद झालीच, असं नाही. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधार देणं वेगळं, थेट लाभासाठी खातं आधारशी जोडणं वेगळं. दुसऱ्यासाठी वेगळ्या संमतीपत्रावर सही किंवा अंगठा द्यावा लागतो. लोक याला 'आधार सीडिंग' म्हणतात. शाखेत गेल्यावर नेमका हाच शब्द वापरा: "थेट लाभासाठी आधार सीडिंग करायचंय, अर्ज द्या."

कुठली बँक जोडलेली आहे हे बघायचं तर 'माय आधार' संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकून आणि मोबाईलवर आलेला ओटीपी देऊन बँक सीडिंगची स्थिती दिसते. बँकेचं नाव आणि जोडणी चालू आहे की बंद, एवढं तिथे कळतं. मोबाईल क्रमांक आधारला जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रात जाऊन ते काम उरका. घरातल्या कुणाचाही नंबर देऊ नका. जो माणूस ज्येष्ठाबरोबर राहतो आणि ज्याचा नंबर बदलणार नाही, त्याचाच द्या.

खातं जिवंत आहे का? दोन वर्षं काहीच व्यवहार नसेल तर बँक खातं निष्क्रिय करते. आधी केवायसीचे कागद देऊन ते चालू करून घ्या. सत्तरीपुढच्या खातेदारांना काही मूलभूत सेवा घरपोच द्याव्यात असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलेलं आहे, तेव्हा आजींना रिक्षात घालून न्यायच्या आधी शाखेत विचारा. नवीन खातं उघडायचंच असेल तर पोस्टाच्या पेमेंट बँकेचं पोस्टमनकडून घरी उघडून मिळतं.

> तपासा: सीडिंगची स्थिती चालू दाखवते? त्याच बँकेचं पासबुक अर्जाला जोडणार आहात? खात्यात अलीकडे एखादा व्यवहार झाला आहे?

## टप्पा ४: अर्ज

आता मुख्यमंत्री वयोश्रीचा अर्ज, आणि हा टप्पा छोटा आहे.

अर्ज जिल्ह्याच्या सहाय्यक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात द्यायचा असतो. बऱ्याच जिल्ह्यांत ते सामाजिक न्याय भवनात आहे. जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग हे वेगळं कार्यालय आहे. नाव जवळजवळ सारखं, इमारत वेगळी, साहेब वेगळे. तहसीलमधल्या संजय गांधी योजनेच्या खिडकीवरही हा अर्ज घेत नाहीत, तिथे श्रावणबाळ आणि इतर निवृत्तिवेतनांचं काम चालतं. निघण्याआधी फोन करून विचारा: सध्या अर्ज घेणं चालू आहे का, आणि आमच्या तालुक्यात ते कुठे जमा होतात? ७५ वर्षांपुढच्यांना एसटी फुकट आणि ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे, हे खरं. पण कागद द्यायला ज्येष्ठाला घेऊन जायची सहसा गरज नसते.

सोबत जोडा:

1. आधार कार्डाची झेरॉक्स, शिवाय मतदान ओळखपत्राची
2. पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, ज्यात खाते क्रमांक आणि आयएफएससी स्पष्ट दिसतो
3. पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
4. स्वयंघोषणापत्र: उत्पन्न २ लाखांच्या आत असल्याचं आणि तीन वर्षांत तेच उपकरण न घेतल्याचं

उत्पन्नासाठी या योजनेत स्वयंघोषणा चालते. श्रावणबाळसाठी लागतो तसा तहसीलदारांचा दाखला काढायला आधीच धावू नका. मात्र स्वयंघोषणा म्हणजे काहीही लिहिलं तरी चालतं, असं नाही. मुलगा एकाच शिधापत्रिकेवर असून नोकरीला असेल तर कुटुंबाचं उत्पन्न काय लिहिता ते विचार करून लिहा, कारण सही ज्येष्ठाची असते आणि खोटं निघालं तर त्रासही त्यांनाच होतो.

अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही आणि नाव घ्या.

> सावधान: अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोचपावती नसली की चार महिन्यांनी तुमच्याकडे विचारायला काहीच आधार उरत नाही. आणि 'पाचशे द्या, नाव यादीत टाकतो' असं म्हणणारा कुणी भेटला तर तिथूनच मागे फिरा. या अर्जाला शुल्क नाही.

## टप्पा ५: पैसे आल्यापासून तीस दिवस

पैसे जमा झाले की काम संपलं असं वाटतं. खरं तर घड्याळ तेव्हा सुरू होतं. उपकरण घेतल्याचं बिल सहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयातून प्रमाणित होऊन ३० दिवसांच्या आत योजनेच्या पोर्टलवर चढलं पाहिजे. नाहीतर रक्कम वसूल करण्याची तरतूद आहे. ते ३,००० रुपये औषधांना किंवा नातवाच्या फीला वापरले, असं घरोघरी होतं. ते समजण्यासारखं आहे, पण नियमात बसत नाही.

म्हणून पैसे आल्याचा मेसेज दिसला की:

पहिल्या आठवड्यात दुकानात जा, टप्पा १ मधला मापांचा कागद घेऊन. शक्य असेल तर ज्येष्ठाला सोबत न्या. वॉकर असेल तर दुकानातच चार पावलं चालून बघू द्या, घडी घालून-उघडून बघू द्या. खटका दाबायला बोटांत जोर पुरत नसेल तर तो वॉकर नको. गुडघ्याचा पट्टा उभं राहून नव्हे, खुर्चीवर बसून-उठून बघायचा. उभं असताना बसतो तो बसल्यावर मागून रुततो.

बिल पक्कं घ्या. त्यावर ज्येष्ठाचं नाव आधारवर आहे तसंच, वस्तूचं नाव स्पष्ट, तारीख पैसे जमा झाल्यानंतरची आणि दुकानाचा शिक्का व सही. 'सर्जिकल सामान' असं मोघम लिहिलेलं बिल परत करा, 'घडीचा वॉकर' असं लिहून मागा. थर्मल कागदावरचं बिल दोन महिन्यांत कोरं होतं, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

दुसऱ्या आठवड्यात बिल कार्यालयात द्या आणि तिथेही पोच घ्या. शेवटच्या दिवसावर ठेवू नका. साहेब दौऱ्यावर असतात, पोर्टल बंद असतं, मधे सुट्ट्या येतात.

वस्तू ३,००० पेक्षा महाग असेल तर वरचे पैसे पदरचे. दुकानदाराला तुकड्यातुकड्यांची बिलं करायला सांगू नका, एकच पूर्ण रकमेचं बिल घ्या.

> तपासा: काठीच्या आणि वॉकरच्या पायांना रबरी बूट आहेत? ते झिजले की फरशीवर वस्तू घसरते आणि पडायचा धोका काठी नसल्यापेक्षा जास्त होतो. खरेदीच्या वेळीच एक जादा जोडी घ्या, किंमत फार नसते.

## टप्पा ६: अडलं तर

पैसे आले नाहीत तर लगेच कार्यालयात भांडायला जाऊ नका. आधी सीडिंगची स्थिती पुन्हा बघा, मग त्या दाखवलेल्या बँकेचं पासबुक भरून आणा. बरेचदा पैसे तिथेच पडलेले असतात.

तिथेही नसतील तर पोचपावती घेऊन समाजकल्याण कार्यालयात लेखी विचारणा करा: अर्ज मंजूर आहे का, त्रुटी आहे का, असल्यास कोणती? तोंडी 'होईल, होईल' वर थांबू नका.

लेखी उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ. "माझ्या या तारखेच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, तो सध्या कुणाकडे आहे आणि त्रुटी असल्यास तिची प्रत द्यावी" एवढंच विचारा. योजनेवर टीका, गाऱ्हाणी, तीन पानं पार्श्वभूमी, काही नको. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. न आल्यास त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं.

घरात ज्येष्ठाला कुणी मदत करणारं नसेल, किंवा आलेली रक्कम घरातलंच कुणी काढून घेत असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून ज्येष्ठांच्या उशापाशी भिंतीवर चिकटवा. मोबाईलमधला नंबर त्यांना ऐन वेळी सापडेलच, असं नाही.